चाकांची खुर्ची आणि तोल

स्पेनचा राजा दुसरा फिलिप १५९८ सालीं वारला. अखेरच्या वर्षांत वातरक्तानें त्याचे सांधे असे जखडून टाकले होते कीं, सागरापलीकडच्या मुलखांवर हुकमत चालविणाऱ्या त्या पुरुषाला एका दालनांतून दुसऱ्या दालनांत जाणेंहि अवघड झालें. त्याच्यासाठीं केलेल्या खुर्चीचें चित्र जेहान लेर्मित या त्याच्या फ्लेमिश सेवकानें काढून ठेविलें आहे. पाठ हवी तशी कलती करतां येई, पाय लांब टेकण्याची सोय होती, आणि खुरांखालीं लहानशीं चाकें होतीं. पण त्या चाकांपर्यंत राजाचा हात पोंचत नव्हता. खुर्ची ढकलावयाची ती चाकरांनीं, आणि तोल सांभाळावयाचा तोहि त्यांनींच.

बसणाऱ्याच्या हातीं गति आली ती राजवाड्यांत नव्हे. न्युरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गांवीं स्टेफान फार्फ्लर नांवाचा एक घड्याळजी राहत असे. तो पायांनीं अधू होता. दांतेरी चक्रें एकमेकांना कशीं फिरवितात हें ज्याच्या रोजच्या व्यवसायांतलें, त्यानें १६५५ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, तीन चाकांची गाडी बनविली. पुढच्या चाकाला जोडलेले दांडे हातांनीं फिरवावे आणि आपल्या मर्जीनें रस्त्यानें जावें, अशी ती योजना होती. पुढें अठराव्या शतकांत इंग्लंडांतील बाथ येथें, औषधी झऱ्यांवर येणाऱ्या रुग्णांसाठीं, जी खुर्ची प्रचारांत आली तींत लांब दांड्यानें दिशा देण्याचा मान तेवढा रुग्णाकडे राहिला. ओढणारा किंवा ढकलणारा पुन्हां भाडोत्री माणूस!

आजच्या खुर्चीचा वंश मात्र अमेरिकेंतल्या दोघां मित्रांपासून सुरू होतो. हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाणींतला इंजिनियर १९१८ सालच्या अपघातांत पायांना मुकला. त्या वेळच्या खुर्च्या अवजड, मोटारींत न मावणाऱ्या. हॅरी जेनिंग्ज या यंत्रज्ञ मित्राच्या साह्यानें त्यानें १९३३ सालीं पोलादी नळ्यांची घडीची खुर्ची तयार केली. बैठकीखालीं नळ्यांची फुली. बैठक वर उचलली कीं दोन्ही बाजू जवळ येऊन खुर्ची मिटते. एव्हरेस्ट आतां मोटारींतून खुर्ची घेऊन कोठेंहि जाऊं शकत होता.

परंतु जी खुर्ची हलकी, ती चटकन् सरकते आणि चटकन् उलटते. चाकरांनीं सांभाळलेला तोल आतां बसणाऱ्याकडे आला, आणि तो सांभाळण्याची विद्या खुर्चीबरोबर घडी करून देतां येत नाहीं. पुष्कळदां माणूस पडतो तो वेगानें जातांना नव्हे, तर उभ्या खुर्चींतून उठतांना किंवा तींत बसतांना. दोन्ही ब्रेक लावले नसले तर खुर्ची मागें सरकते. पाय ठेवण्याच्या फळीवर भार देऊन उठूं गेलें तर ती सबंध पुढें कलंडते. म्हणून फळ्या आधीं वर उचलावयाच्या, मग जमिनीवर पाऊल. या खुर्च्यांचा ब्रेक बहुधा रबरी धांवेवर दाबून बसतो. धांवेंतली हवा कमी झाली कीं ब्रेक लावूनहि चाक फिरतें. घरच्या मंडळींचें लक्ष या हवेकडे क्वचितच असतें. शिवाय हा ब्रेक उभ्या खुर्चीसाठीं आहे. उतारावर वेग आंवरण्यासाठीं तो ओढला तर खुर्ची थबकते आणि माणूस पुढें फेंकला जातो.

एखादी कळ निसटली तर काय होतें, हें प्रेसिडेंट रूझव्हेल्ट यांनीं अनुभविलें. १९२१ सालीं त्यांना पोलिओनें गांठलें होतें. १९३६ च्या जूनमध्यें फिलाडेल्फिया येथील पक्षाच्या अधिवेशनांत, पोलादी पट्ट्यांच्या आधारानें उभे असतां, एका वृद्ध कवीशीं हस्तांदोलन करण्यास ते वळले. गुडघ्याजवळची कळ सुटली आणि ते कोसळले. रक्षकांनीं वरच्यावर सांवरलें. भाषणाचे कागद मात्र विखुरले. कपडे झटकून त्यांनीं भाषण केलें तें केलेंच.

खालीं पडलेली वस्तु उचलतांना असाच घात होतो. त्यावर जुनी युक्ति अशी कीं, खुर्ची किंचित् मागें घ्यावी. त्यायोगें पुढचीं लहान चाकें पुढें वळतात, खुर्चीचा पाया लांबतो. मग ब्रेक लावून वांकावें. पाठीमागच्या मुठींना जड पिशवी अडकविली तर चढावर खुर्ची मागें उलटूं शकते. चढतांना बसणाऱ्यानें पुढें झुकावें. तीव्र उतारावर मदतनीसानें खुर्ची फिरवून घ्यावी आणि स्वतः खालच्या बाजूला राहून ती मागें मागें उतरवावी.

अलीकडच्या खुर्च्यांना मागें दोन छोटीं चाकें लावतां येतात. खुर्ची मागें कलूं लागली तर तीं जमिनीला टेकून तिला आंवरतात. मात्र उंबरठा ओलांडतांना तींच अडतात. पुढचीं चाकें उचलावयाचीं तर तीं काढावीं लागतात, आणि एकदां काढून कोपऱ्यांत ठेविलेलीं चाकें पुन्हां बसविण्याची आठवण घरांत सहसा कोणाला होत नाहीं.