तारेने खेळलेला वाद : चिगोरिन विरुद्ध स्टाइनिट्स (१८९०–९१)

टपालाने बुद्धिबळ खेळण्याची प्रथा युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजली आणि १८६६ साली अटलांटिक महासागराखालील तारसेवा कायमची सुरू झाल्यावर दूरच्या खंडांतील खेळाडूंनाही परस्परांशी डाव मांडणे शक्य झाले. प्रत्येक चालीचा सावकाश विचार करता येत असल्यामुळे सैद्धान्तिक मतभेदांचा निवाडा करण्यास हा प्रकार विशेष सोयीचा ठरला. न्यूयॉर्कमधील जगज्जेते विल्हेल्म स्टाइनिट्स आणि सेंट पीटर्सबर्गमधील मिखाईल चिगोरिन यांच्यातील दोन डावांचा तारसामना हे त्याचे ठळक उदाहरण होय.

त्यांपैकी एका डावाचा विषय होता एव्हान्स गॅम्बिट. गॅम्बिट म्हणजे मोहरी झपाट्याने पुढे आणता यावीत म्हणून सुरुवातीलाच प्यादे देऊ करणे. विल्यम डेव्हिस एव्हान्स या वेल्श जहाजी कप्तानाने रूढ केलेल्या या प्रारंभात पांढरी बाजू चौथ्या चालीला वजिराकडील घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे सरकवून काळ्या उंटापुढे ठेवते. हे प्यादे घेऊन ते टिकवताही येते, असे स्टाइनिट्स यांचे मत होते. त्यासाठी सहाव्या चालीला वजीर एफ६ या घरात आणण्याचा धाडसी बचाव त्यांनी ‘द मॉडर्न चेस इन्स्ट्रक्टर’ (१८८९) या ग्रंथात पुरस्कारला, तर चिगोरिन यांना तो मुळातच सदोष वाटत होता.

डावात चिगोरिन यांनी उंट आणि मध्यभागातील प्यादे पुढे आणून काळ्या वजिराला हुसकावले. तेराव्या चालीला तो एफ८ या मागच्या घरात परतला, एक घोडाही पहिल्या ओळीत अडकला आणि राजाला किल्लेकोट करता आला नव्हता. तेव्हा चौदाव्या चालीला चिगोरिन यांनी डी६ घरात आणखी एक प्यादे अर्पण केले. त्यामुळे काळ्या मोहऱ्यांची कोंडी पक्की झाली आणि पांढऱ्या बाजूचा विजय झाला. दुसऱ्या डावात काळी मोहरी घेऊन खेळतानाही चिगोरिन जिंकले.

या निकालाने स्टाइनिट्स यांचे थोरपण कमी होत नाही, कारण १८९२ साली हवाना येथील जगज्जेतेपदाच्या सामन्यात त्यांनी चिगोरिन यांना हरवले. तथापि एव्हान्स गॅम्बिटविषयीच्या वादात सत्य चिगोरिन यांच्या बाजूला होते. पुढे इमानुएल लास्कर यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या बचावाने या गॅम्बिटची धार खऱ्या अर्थाने बोथट केली. त्याचा पाया प्यादे जपण्यावर नसून ते योग्य वेळी परत करण्यावर आहे.