एका शेअरचे तीस हजार

कंपन्यांचे इतिहास हा तसा रुक्ष प्रकार. पण लाइव्हडोअर या जपानी कंपनीची गोष्ट ब्लॉग लिहिणाऱ्या माणसाने वाचावी अशी आहे. घरातल्या ज्या मंडळींना शेअर बाजारात गोडी आहे (आणि ती कुणाला आहे हे मी इथे सांगत नाही!) त्यांनी तर नक्कीच.

ताकाफुमी होरिए हा फुकुओकाकडचा मुलगा. टोकियो विद्यापीठात शिकायला आला आणि 1996 च्या एप्रिलमध्ये, तेविसाव्या वर्षी, साठ लाख येनच्या भांडवलावर त्याने 'लिव्हिन ऑन द एज' नावाची वेबसाइट बनवून देणारी कंपनी काढली. पदवी राहिली ती राहिलीच. धंदा मात्र चालला, आणि एप्रिल 2000 मध्ये कंपनी टोकियो शेअर बाजाराच्या 'मदर्स' या नव्या कंपन्यांसाठीच्या विभागात दाखल झाली. लाइव्हडोअर हे नाव तिचं स्वतःचं नव्हे. त्या नावाची फुकट इंटरनेट जोडणी देणारी दुसरीच कंपनी होती. ती 2002 साली बुडाली, होरिएने तिचा धंदा घेतला आणि लोकांच्या तोंडी बसलेलं ते नाव 2004 मध्ये आपल्याच कंपनीला लावून टाकलं. लाइव्हडोअरची ब्लॉगसेवा 2003 च्या अखेरची. तिच्यावर होरिए स्वतः 'अध्यक्षाची रोजनिशी' लिहायचा. टाय न लावता टी-शर्टात फिरणारा, आज काय खाल्लं तेही जाहीर लिहिणारा कंपनीचा अध्यक्ष जपानने त्याआधी फारसा पाहिला नव्हता. पोरांनी 'दोराएमोन'वरून त्याचं 'होरिएमोन' करून टाकलं.

आता गमतीचा भाग. शेअरचं विभाजन म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. एका भाकरीचे चार तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही. पण त्या काळच्या जपानात शेअर कागदावर छापले जात आणि विभाजनानंतरचे नवे कागद हातात पडायला पन्नासेक दिवस लागत. म्हणजे एकाचे शंभर झाले, तरी मधल्या काळात विकता येण्याजोगा एकच. भाव शंभरावा हिस्सा झाल्यामुळे किरकोळ गिऱ्हाईक तुटून पडे, माल मात्र नसे. मग भाव सुसाट. लाइव्हडोअरने 2001 ते 2004 या काळात तीन, दहा, शंभर आणि पुन्हा दहा अशी विभाजनं केली. गुणाकार करून पाहा, मूळ एका शेअरचे तीस हजार होतात! यात बेकायदा काहीच नव्हतं. फुगलेले शेअर देऊन दुसऱ्या कंपन्या विकत घ्यायच्या, त्यामुळे आपली कंपनी आणखी मोठी दिसायची, की शेअर आणखी फुगायचे. बाजारमूल्यात जगात पहिलं यायचं, असं होरिए उघड बोलायचा. गिऱ्हाइकांसाठी काय बनवतो यापेक्षा बाजारात आपली किंमत काय, हाच त्या कंपनीचा खरा माल झाला असं मला वाटतं.

2004 मध्ये किन्तेत्सु बफेलोज हा डबघाईला आलेला बेसबॉल संघ विकत घ्यायला तो निघाला. जुन्या मालकांनी दारातही उभं केलं नाही. पुढे नव्या संघाचा परवाना निघाला तोही राकुतेनला मिळाला. पण त्या उन्हाळ्याने होरिए घरोघरी पोचला.

मग 8 फेब्रुवारी 2005. निप्पोन ब्रॉडकास्टिंग ही रेडिओ कंपनी तशी लहान, पण बलाढ्य फुजी टीव्हीचे सुमारे 22 टक्के शेअर तिच्याकडे. म्हणजे लेकरू मोठं आणि आई लहान. आईला ताब्यात घेतलं की लेकरू आपोआप हातात. फुजी टीव्ही हा गुंता सोडवायला रीतसर शेअर गोळा करत असतानाच, बाजार उघडायच्या आधीच्या व्यवहारांत लाइव्हडोअरने तीसेक टक्के शेअर एका सकाळी उचलले. आधीचे धरून झाले 35 टक्के. पैसे लेहमन ब्रदर्सचे, 8,000 कोटी येन. (जपानी 'ओकू' म्हणजे आपले दहा कोटी, हिशोब तपासून घ्या.) हे पैसे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या रोख्यांवर मिळाले होते आणि बदलण्याचा दर बाजारभावापेक्षा दहा टक्के कमी, भाव पडला की तोही खाली. लेहमनला तोटा होणं जवळजवळ अशक्य. झळ बसणार ती जुन्या भागधारकांना.

रेडिओ कंपनीने नवे शेअर फुजीला देऊन होरिएला बुडवायचा घाट घातला, तो कोर्टाने हाणून पाडला. एप्रिलमध्ये तह झाला. फुजीने ते सगळे शेअर घेतले, वर लाइव्हडोअरमध्येच 4,400 कोटी येन घातले. फुजीच्या खिशातून एकूण 14,740 कोटी गेले. टीव्ही चॅनल मिळालं नाही, पण तिजोरी भरली. सप्टेंबरात होरिए हिरोशिमातून निवडणुकीलाही उभा राहिला, शिझुका कामेईंसारख्या मुरलेल्या पुढाऱ्याविरुद्ध. पडला.

16 जानेवारी 2006 ला सरकारी वकिलांच्या पथकाने रोप्पोंगी हिल्समधल्या कचेरीवर धाड घातली. आदल्या भावाने कंपनीची किंमत 73,000 कोटी येनच्या आसपास होती. दोन दिवसांत विकणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की टोकियो बाजाराची यंत्रणा भरून वाहील या भीतीने 18 तारखेला सगळ्याच कंपन्यांचे व्यवहार वेळेआधी थांबवावे लागले. 23 तारखेला होरिएला अटक झाली.

आरोप काय होता? सप्टेंबर 2004 ला संपलेल्या वर्षात सुमारे 31 कोटी येनचा तोटा होता, तो 500 कोटींचा नफा दाखवला. युक्ती साधी. आपलेच शेअर आडून उभ्या केलेल्या गुंतवणूक निधींमार्फत बाजारात विकायचे आणि आलेला पैसा विक्री म्हणून लिहायचा. भागीदाराने दुकानात घातलेलं भांडवल गल्ल्यात टाकून 'आज धंदा जोरात' म्हणण्यासारखं. शिवाय खोट्या विक्रीच्या नोंदी होत्या त्या वेगळ्याच. एप्रिलमध्ये बाजारातून शेअर काढून टाकला गेला. धाडीपूर्वी 696 येन असलेला भाव शेवटी 94. भागधारक सुमारे दोन लाख वीस हजार, त्यांत बरेच आयुष्यात पहिल्यांदा शेअर घेतलेले. स्वस्त दिसला म्हणून घेतलेला.

होरिएला 2007 मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली, ती 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली आणि तो खरोखर तुरुंगात गेला. ऑलिम्पसने यापेक्षा कितीतरी मोठा तोटा वर्षानुवर्षं दडवला, तिच्या प्रमुखांना 2013 मध्ये शिक्षा झाली तीही स्थगित. टाय लावणाऱ्यांना एक न्याय आणि टी-शर्टवाल्याला दुसरा, हे म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. पण त्या दोन लाख माणसांसमोर मी ते मोठ्याने म्हणणार नाही.

असो. मला खरी ओढ आहे ती यानंतरच्या भागाची, ज्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. 2007 च्या एप्रिलमध्ये जुन्या कंपनीचं रूपांतर लाइव्हडोअर होल्डिंग्ज या होल्डिंग कंपनीत झालं. पुढच्याच वर्षी तिने ते नाव टाकून एलडीएच एवढंच ठेवलं. तिचं काम मालमत्ता विकणं, दावे लढणं आणि भागधारकांची भरपाई देणं. जिवंत राहिलेला धंदा, म्हणजे पोर्टल, बातम्या आणि ब्लॉग, लाइव्हडोअर नावाच्या नव्या लहान कंपनीत वेगळा काढला. जाहिरातदार पळालेले, नाव बद्दू, पण सर्व्हर चालू. लोक आपले रोज लिहीतच होते, त्यांना कोण आत आणि कोण बाहेर याच्याशी काय! या कंपनीचा प्रमुख झाला ताकेशी इदेझावा, 2002 साली एका विमा कंपनीतून आलेला शांत माणूस. 2010 मध्ये हा धंदा एनएचएन जपानने 630 कोटी येनला घेतला. 73,000 कोटींतून उरलेली खरी वस्तू ती एवढी.

जून 2011 मध्ये, म्हणजे होरिए तुरुंगात गेला त्याच महिन्यात, एनएचएन जपानने लाइन हे निरोपांचं अ‍ॅप काढलं. कल्पना प्रामुख्याने तिथल्या नेव्हर जपानच्या गटाची. वर्षभरात लाइव्हडोअरची माणसं त्याच छत्राखाली आली, आणि 2015 मध्ये इदेझावा लाइनचा अध्यक्ष झाला. लाइव्हडोअरचं पोर्टल एकेकाळी याहू जपानला मागे टाकण्याच्या गर्जना करत असे. 2021 मध्ये लाइन आणि याहू जपान एका घरात आले, 2023 मध्ये त्यांची मिळून एक कंपनी झाली, आणि तिच्या अध्यक्षपदी इदेझावाच.

लाइव्हडोअरचा ब्लॉग आणि बातम्या मात्र त्या नव्या घरात पोचल्या नाहीत. 2022 च्या डिसेंबरात लाइनने त्या मिंकाबू या शेअर बाजाराची माहिती देणाऱ्या कंपनीला विकल्या, सुमारे 710 कोटी येनला. एनएचएनने दिलेल्या किमतीपेक्षा थोड्या जास्तच.