क्वांट फायनान्सची पदव्युत्तर पदवी : कोर्स निवडण्याआधी काय तपासावे? प्रवेश परीक्षा, प्लेसमेंट आणि कर्जाची सविस्तर माहिती

गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुला-मुलींच्या मोबाईलवर सध्या 'क्वांट बना, लाखोंचे पॅकेज मिळवा' अशा जाहिराती हमखास येतात. शब्द नवा, आकडा मोठा. पोरगं हुशार आहे म्हटल्यावर घरचेही मागेपुढे पाहत नाहीत. एखादा एकर विकायची तयारी होते.

शिक्षण चांगले आहे, कामही खरे आहे. पण कोर्स निवडताना त्याच्या नावापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या. तिथे गणित किती खोल शिकवतात? शिकून बाहेर पडलेली मुलं नेमकी कोणत्या कामाला लागली? आणि कर्जाचा हप्ता पहिल्या नोकरीच्या पगारात बसतो का?

क्वांट म्हणजे नेमके काय काम?

समजा व्यापारी शेतकऱ्याला म्हणाला, "तीन महिन्यांनी तुझं सोयाबीन ४,८०० रुपये क्विंटलने घेतो, हा घे इसार." त्या वेळी बाजारात भाव ५,५०० झाला, तर व्यापारी ठरल्या भावाने माल उचलणार. भाव ४,२०० वर आला, तर इसार सोडून देणार. मग क्विंटलमागे इसार किती असावा? ५० रुपये, २०० की ५००? हे उत्तर अंदाजाने न देता गणिताने काढणे, हे क्वांटचे काम.

शेअर बाजारात अशा सौद्याला 'ऑप्शन' म्हणतात. त्याची किंमत काढायचे प्रसिद्ध सूत्र फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये मांडले, रॉबर्ट मर्टन यांनी ते पुढे नेले. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्लॅक यांचे १९९५ मध्येच निधन झाले होते.

आज बँका आणि विमा कंपन्यांत हेच गणित रोज लागते. किती कर्जे बुडू शकतात, बाजार पडला तर एका दिवसात जास्तीत जास्त किती तोटा होईल, विम्याचा हप्ता किती ठेवावा, दुसऱ्याने केलेले मॉडेल बरोबर आहे का, ही सगळी क्वांटची कामे. आपल्याकडे अशा नोकऱ्या प्रामुख्याने मुंबई, पुणे आणि बंगळुरूत आहेत.

ट्रेडिंगचा क्लास म्हणजे क्वांट नव्हे

बरेच जण इथेच फसतात. 'अल्गो ट्रेडिंग शिका, घरबसल्या कमवा' असे सांगणारा दोन-तीन महिन्यांचा क्लास ही पदवी नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. क्वांटची नोकरी पगाराची असते, त्यात घरचे पैसे बाजारात लावायचे नसतात. जो क्लास आधी डिमॅट खाते उघडायला लावतो, तो टाळलेला बरा.

आपल्याला जमेल का? आधी फुकटात तपासा

कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यता आणि संख्याशास्त्र हा पाया. त्यावर टाइम सिरीज आणि स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस हे विषय येतात. जोडीला पायथनसारखी संगणकाची भाषा हवी, काही ठिकाणी सी प्लस प्लसही लागते.

आवड आहे की नुसती पॅकेजची ओढ, हे पैसे न घालता कळू शकते. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीचे प्राध्यापक एनपीटीईएलवर मोफत शिकवतात. मॅथेमॅटिकल फायनान्सवर आयआयटी गुवाहाटीच्या प्राध्यापकांचा कोर्स आहे. धडे मोबाईलवर दिसतात, पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. असा एक कोर्स उदाहरणे स्वतः सोडवत शेवटपर्यंत नेला, तर हा विषय आपला आहे असे समजावे. तिसऱ्या आठवड्यातच कंटाळा आला, तर लाखो रुपये वाचले.

देशातले मुख्य मार्ग

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. पदवीच्या नावात 'क्वांट' असायलाच हवे असे नाही. चांगल्या संस्थेची संख्याशास्त्र किंवा गणिताची एम.एस्सी. या कामाला चालते.

• आयआयटीतील एम.एस्सी. : प्रवेश 'जॅम' परीक्षेतून. गणित, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स आणि अर्थशास्त्र असे वेगवेगळे पेपर असतात. तीन तास, १०० गुण. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात.

• भारतीय सांख्यिकी संस्था, कोलकाता : प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केली. एम.स्टॅट. आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सची एम.एस. या इथल्या नावाजलेल्या पदव्या. प्रवेश परीक्षा अवघड, पण खर्च फार कमी, आणि विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन देण्याची इथे परंपरा आहे. त्या वर्षीचे नियम माहितीपत्रकात पाहावेत.

• नावातच क्वांट असलेले कोर्स : पुदुच्चेरी विद्यापीठात क्वांटिटेटिव्ह फायनान्सची एम.एस्सी. आहे, त्यासाठी सीयूईटी-पीजी द्यावी लागते. चेन्नईच्या मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सनेही या विषयात एम.ए. सुरू केले आहे.

• महाराष्ट्रात : पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत फायनान्शियल इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आहे. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, तिथे अर्थशास्त्राची एम.एस्सी. होते. पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या विद्यापीठांत संख्याशास्त्राचे विभाग आहेत.

संख्याशास्त्राच्या पदवीचा आणखी एक फायदा आहे. क्वांटची नोकरी नाहीच मिळाली, तरी बाकीच्या वाटा बंद होत नाहीत. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा, रिझर्व्ह बँकेतील संख्याशास्त्र विभागाची अधिकारी भरती, नेट-सेट, विमा क्षेत्रातील ॲक्चुअरीच्या परीक्षा, डेटाची कामे हे सगळे खुले राहते. अगदी अरुंद विषयाची महागडी पदवी घेतली आणि त्या वर्षी भरतीच थंडावली, तर मागे फिरायला जागा कमी राहते.

प्लेसमेंटचा आकडा कसा वाचावा?

माहितीपत्रकात 'सरासरी पॅकेज १५ लाख' असे ठळक छापलेले असते. समजा पाच विद्यार्थ्यांना ६, ६, ७, ८ आणि ४८ लाख मिळाले. सरासरी १५ लाखच येते. पण पाचपैकी चौघांना ८ लाख किंवा त्याहून कमीच आहेत. म्हणून सरासरी न विचारता मध्यक विचारावा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला. इथे तो ७ लाख आहे.

वर्गात किती मुले होती आणि त्यातल्या किती जणांना धरून हा आकडा काढला, हेही विचारावे. नोकरी कोणत्या पदाची, ते पाहावे. रिस्क ॲनालिस्ट वेगळा आणि विमा पॉलिसी विकणारा वेगळा. कॉलेजच्या आवारात लावलेल्या फलकापेक्षा गेल्या दोन वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या चार-पाच जणांशी फोनवर बोलले, तर खरे चित्र लवकर कळते.

परदेशी जायचे असेल तर

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९४ मध्ये या विषयाची पदव्युत्तर पदवी सुरू केली. बर्कली, प्रिन्स्टन, कोलंबिया, न्यूयॉर्कचे बरूक कॉलेज, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि इम्पीरियल, तसेच सिंगापूरचे राष्ट्रीय विद्यापीठ ही इतर परिचित नावे. बरूक हे सरकारी विद्यापीठाचे कॉलेज असल्याने त्याची फी खासगीपेक्षा कमी असते.

अमेरिकेत खासगी विद्यापीठाची नुसती फी ६० हजार डॉलरच्या वर जाऊ शकते, म्हणजे ५० लाख रुपयांहून जास्त. राहणे-खाणे वेगळे. शिक्षणानंतर १२ महिने काम करता येते, विज्ञान-तंत्रज्ञान गटात मोडणाऱ्या पदवीला आणखी २४ महिने मिळतात. पुढचे सगळे व्हिसाच्या नियमांवर असते आणि ते नियम बदलत राहतात. कोर्स त्या गटात मोडतो का, हे आधी विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. शिवाय काही विद्यापीठे १६ वर्षांचे शिक्षण मागतात. त्यांना तीन वर्षांची बी.एस्सी. चालत नाही.

कर्ज, शिष्यवृत्ती आणि सातबारा

हिशोब सोपा आहे. ४० लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५४ हजार रुपये. ४ लाखांचे कर्ज असेल तर हप्ता सुमारे ५,४०० रुपये. शिकत असतानाचे व्याज साचते ते आणखी वेगळे. परदेशात नोकरी लागली नाही आणि पुण्यात ७ लाखांवर रुजू व्हावे लागले, तर हातात येणारा जवळपास सगळा पगार त्या पहिल्या हप्त्यातच जातो.

साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात. इथे शेतकरी कुटुंबाची अडचण होते. कर्जवसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे बँका सातबारा तारण घ्यायला सहसा तयार नसतात. घर, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. मग जमीन विकायची भाषा सुरू होते. तिथपर्यंत जाण्याआधी पुढील योजना पाहाव्यात.

• पीएम विद्यालक्ष्मी : देशातील निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेतलेली नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याज सवलत. संस्था यादीत आहे का, ते पोर्टलवर पाहावे.

• केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील मुलांसाठी. उत्पन्न मर्यादा ८ लाख.

• राज्याच्या परदेशी शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गासाठी बहुजन कल्याण विभागाची, मराठा समाजासाठी सारथीमार्फत. राज्यातच शिकायचे असेल तर महाडीबीटी.

उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर हे कागद शेवटच्या वर्षाच्या दिवाळीआधीच काढून ठेवावेत. अर्जाची मुदत संपायला आली की तहसीलमध्ये रांग लागते.

फी भरण्याआधी संस्थेला विचारायचे प्रश्न

१. दोन्ही वर्षांच्या विषयांची पूर्ण यादी द्या. त्यात संभाव्यता, स्टोकॅस्टिक विषय आणि प्रोग्रामिंग किती तासांचे?
२. शिकवणारे प्राध्यापक कायमस्वरूपी आहेत की फक्त पाहुणे?
३. गेल्या वर्षी किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार किती?
४. पदवी विद्यापीठाची, की नुसते खासगी प्रमाणपत्र?
५. मध्येच सोडावे लागले तर किती फी परत मिळते?

उत्तरे लेखी घ्यावीत. जी संस्था यातल्या तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ करते आणि 'आजच बुकिंग करा, सीट संपत आल्या' म्हणते, तिथे घाई करू नये. जॅम दर वर्षी होते, एक वर्ष तयारीत गेले तरी भरून निघते. विकलेला एकर मात्र परत येत नाही.