‘क्लाउड’मधील कागदपत्रे आणि न वाचलेल्या अटी

वर्धा, प्रतिनिधी - सातबारा, जातीचा दाखला, गुणपत्रिका, सेवाग्रामच्या रुग्णालयातील तपासणीचे अहवाल, लग्नाची छायाचित्रे. वर्ध्यापासून हिंगणघाट, आर्वीपर्यंत अनेक घरांतील हे कागद आता लोखंडी पेटीतून निघून गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, आयक्लाउड अशा सेवांमध्ये जाऊन बसले आहेत. ‘क्लाउड’ हे नाव काहीसे फसवेच म्हणावे लागेल. प्रत्यक्षात तो कंपनीच्या ताब्यातील, बहुधा परगावचा किंवा परदेशातील संगणक असतो. तेथे जागा घेताना ‘मान्य आहे’वर टिचकी मारली की एक करार पूर्ण होतो. तो किती जण वाचतात, हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नाही.

या करारातील सर्वाधिक चर्चिले गेलेले कलम परवान्याचे. मजकुराची मालकी वापरकर्त्याकडेच राहील, असे बहुतेक कंपन्या स्पष्ट लिहितात. मात्र त्याची प्रत काढणे, तो साठवणे, इतरांना दाखवणे यासाठी जगभर लागू असणारा परवानाही त्याच करारातून घेतात. काही प्रमाणात हे अपरिहार्य आहे. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायची, तर तिची प्रत काढावीच लागते. वाद होतो तो परवान्याची मर्यादा धूसर ठेवली की. जुलै २०११ मध्ये ड्रॉपबॉक्सने अशीच व्यापक शब्दरचना केली, वापरकर्ते संतापले आणि कंपनीला ती बदलावी लागली. एप्रिल २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह सुरू झाले, तेव्हाही हाच वाद पेटला होता.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न कुलपाच्या किल्लीचा आहे. फाइली सांकेतिक स्वरूपात ठेवल्या जातात, अशी ग्वाही कंपन्या देतात आणि ती खरीही असते. पण किल्ली कंपनीकडेच असेल, तर कायदेशीर आदेश येताच तिला कुलूप उघडून देता येते. एप्रिल २०११ मध्ये ड्रॉपबॉक्सने आपल्या अटींत हे उघडपणे नमूद केले, तेव्हा कर्मचाऱ्यांनाही फाइली पाहता येत नाहीत अशी समजूत असणाऱ्यांना धक्का बसला. किल्ली केवळ ग्राहकाकडे ठेवण्याची सोय काही सेवांमध्ये असते. ॲपलने आयक्लाउडसाठी ती डिसेंबर २०२२ मध्ये आणली आणि सरकारच्या मागणीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधील नव्या ग्राहकांसाठी बंद केली. या सोयीची किंमतही आहे. किल्ली हरवली, तर कंपनीही फाइली परत देऊ शकत नाही.

मजकुराची यांत्रिक तपासणी हे कलम सामान्य माणसाला निरुपद्रवी वाटते. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे शोधून काढणे हा तिचा एक उद्देश असून तो योग्यच आहे. पण यंत्राची चूक झाली तर? गुजरातमधील एका संगणक अभियंत्याने स्वतःचे बालपणीचे, आजी आंघोळ घालतानाचे छायाचित्र ड्राइव्हवर चढवले. गूगलने ते आक्षेपार्ह ठरवून २०२३ मध्ये त्याचे संपूर्ण खाते गोठवले. ईमेलही त्याच खात्यात असल्याने व्यवसायाचा पत्रव्यवहार थांबला. अखेर प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने कंपनीला नोटीस बजावली. या अभियंत्याला निदान उच्च न्यायालय गाठता आले. गूगलच्या सर्वसाधारण अटींनुसार वाद कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्याच्या न्यायालयात न्यायचा असतो. आष्टी किंवा समुद्रपूरच्या ग्राहकाने तेथे कसे जावे?

फुकट जागेलाही अटी असतात. दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते फाइलींसह पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. शिक्षणासाठी काढलेले आणि नंतर विसरलेले खाते अनेकांकडे असते. त्यात एकुलती एक प्रत ठेवलेली असेल, तर ती जाऊ शकते.

सरकारी डिजिलॉकर २०१५ मध्ये सुरू झाले. त्यातील गुणपत्रिका किंवा वाहन परवाना थेट संबंधित खात्याच्या नोंदीतून येतो आणि त्याला मूळ कागदाइतकीच मान्यता असते. नागरिकाने स्वतः चढवलेल्या प्रतींना मात्र ती नसते. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.

कायद्याची बाजू अलीकडे बदलली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलतींवर मात्र टीका होत आली आहे, आणि ती अनाठायी नाही.

या कायद्यातील दोन तरतुदी सामान्य ग्राहकाच्या थेट उपयोगाच्या आहेत. मृत्यू झाल्यास किंवा अक्षमता आल्यास आपले हक्क कोणी बजावावेत, यासाठी बँकेप्रमाणे येथेही एखाद्या व्यक्तीला नामनिर्देशित करता येईल. आणि संमती मागताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कंपनीला द्यावा लागेल. त्या बावीस भाषांत मराठी आहे.