ऐवज, जिंदगी आणि एक पेटी

आमच्या घरच्या दप्तरांत मोडी लिपींतील एक यादी आहे. पणजोबा आणि त्यांचे दोन बंधु विभक्त झाले त्या वेळची ती. शिरोभागीं "एकंदर जिंदगी" असे शब्द असून खालीं जमीन, घर, वतन, रोकड ऐवज, गुरें, तांब्यापितळेचीं भांडीं अशीं कलमें दिलेलीं आहेत. लहानपणीं वडिलांनीं ती प्रथम वाचून दाखविली तेव्हां हिंदी गाण्यांतली जिंदगी तेवढी माझ्या कानांवरून गेलेली होती. हंडे आणि घंगाळें जिंदगींत कशीं मोडतात, याचें मला मोठें नवल वाटलें.

फारसींत जिंदगी म्हणजे जीवित. मराठींत तो शब्द जीविताच्या साधनांस, म्हणजे मालमत्तेस, लागला. खेड्यांतला जुना माणूस 'जिनगी' म्हणतो तो याच अर्थानें. वतनाचेंही तसेंच. अरबींत वतन म्हणजे आपलें राहण्याचें ठिकाण, जन्मभूमि. आपल्याकडे पाटील, कुळकर्णी, देशमुख यांचा वंशपरंपरेचा अधिकार, त्याबरोबरची जमीन आणि मानपान, हें सर्व मिळून वतन झालें. तें वांटतां येई, गहाण टाकतां येई, आणि त्याच्यासाठीं भाऊ भावाच्या जिवावर उठे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंत हणमंते यांनीं राजव्यवहारकोशाचें काम हातीं घेतलें. व्यवहारांतील यावनी शब्दांस त्यांत संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तरीही मालमत्तेचे कित्येक शब्द जागचे हलले नाहींत. याचें कारण मला असें दिसतें कीं, वस्तु दप्तरांत ज्या शब्दानें नोंदलेली असे त्या शब्दाच्याच आधारें तिच्यावरील हक्क शाबीत करावा लागे. शब्दाला हात लावणें म्हणजे हक्काला हात लावणें. पुढें परगणा व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें आणि मुलकी पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें गेली. 'वतन' हा शब्द मात्र बोलण्यांत राहिला आहे.

परंतु या यादींतील मला फार दिवस विचारांत पाडणारा शब्द 'ऐवज' हा होय. त्याचा मूळ अरबी अर्थ मोबदला. मराठींत त्याचीं दोन अपत्यें झालीं. एक 'ऐवजीं' हें अव्यय. दुसरें नाम, रोकड आणि सोनेंनाणें या अर्थाचें. अडचणीच्या वेळीं ज्याच्या मोबदल्यांत पैसा उभा राहतो तो ऐवज, अशी संगति मी लावतों. घरांतील असला ऐवज बहुधा बायकांच्या अंगावर असे, आणि त्याविषयीं यादींत एकच ओळ आहे: "अंगावरील डाग ज्यांचे त्यांजकडे." (प्रवासांतल्या बोचक्यांनाही आपण डागच म्हणतों, आमची आजी दोन्ही प्रकारचे डाग सारख्याच काळजीनें मोजीत असे.)

या एका ओळीमागें आठ-नऊ शतकांचा वाद उभा आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत स्त्रीधनाचे प्रकार सांगून शेवटीं 'इत्यादि' अशा अर्थाचें एक पद आलें आहे. कल्याणीच्या विक्रमादित्य चालुक्याच्या राज्यांत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें त्या पदांत वारसा, खरेदी, वांटणी, इतकेंच काय, सांपडलेली वस्तुही बसविली. स्त्रीधन हा शब्द पारिभाषिक नसून यौगिक आहे, असें तो स्वच्छ म्हणतो. म्हणजे स्त्रीचें जें धन तें स्त्रीधन. एवढें औदार्य न्यायासनांना झेपलें नाहीं. विधवेस पतीकडून वारशानें आलेली मिळकत तिचें स्त्रीधन नव्हे, असाच निर्णय प्रिव्ही कौन्सिलनें दिला. मात्र सर्व दोष विलायतेच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. एकत्र कुटुंबांतील भाऊ निपुत्रिक वारला तर त्याचा हिस्सा उरलेल्या भावांकडे जावा, हा नियम मिताक्षरेच्याच पंथाचा.

आमच्या यादींतही असा चौथा भाऊ आहे. तो वांटणीपूर्वींच वारला होता. त्याची विधवा, म्हणजे माझी चुलत पणजी, हिचें कलम भांड्यांच्या खालीं आहे: "यांस अन्नवस्त्र, व राहावयास माजघरालगतची खोली." तिचें नांव दिलेलें नाहीं. १९३७ च्या कायद्यानें अशा विधवेस पतीच्या हिश्शाइतका हिस्सा मिळूं लागला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमानें तिला पूर्ण मालकी दिली. त्या कलमाच्या स्पष्टीकरणांत वारसा, वांटणी, खरेदी, देणगी यांबरोबर पोटगीच्या ऐवजीं मिळालेली मिळकतही घातलेली आहे. विज्ञानेश्वराची यादी ती हीच कीं काय, असें वाचतांना वाटून जातें.

चुलत पणजी या दोन्ही कायद्यांपूर्वींच वारली. तिच्या मागें केलेला एक चिटोरा त्याच दप्तरांत, मोठ्या यादीच्या घडींत ठेवलेला आहे. पेटी पत्र्याची एक, आलवणें दोन, तांब्या एक, जपाची माळ एक, फडक्यांत बांधलेला चांदीचा कुंकवाचा करंडा एक. प्रत्येक वस्तु कोणाकडे गेली तें समोर लिहिलेलें आहे. करंड्यासमोरची जागा कोरी आहे.