विशालन : किती मोठे आणि किती स्पष्ट?

भिंगातून दिसणारी प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट मोठी आहे, हे सांगणाऱ्या गुणोत्तरास प्रकाशशास्त्रात ‘विशालन’ म्हणतात. प्रतिमेच्या उंचीस वस्तूच्या उंचीने भागले असता ते मिळते. संयुक्त सूक्ष्मदर्शकात दोन भिंगांच्या विशालनांचा गुणाकार होतो. पदार्थीय भिंग १०० पटींचे व नेत्रिका १० पटींची असल्यास एकूण विशालन १,००० पट होते.

क्षयरोगाच्या निदानात ही क्षमता उपयोगी पडते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे ज्या जंतूचा शोध जाहीर केला, त्याची लांबी साधारणतः २ ते ४ मायक्रोमीटर असते. नुसत्या डोळ्यांना तो दिसणे अशक्य; १,००० पट विशालनाखाली मात्र तो तिळाएवढा लांब भासतो.

तथापि, मोठे दिसणे म्हणजे स्पष्ट दिसणे नव्हे. प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे सुमारे ०.२ मायक्रोमीटरहून जवळचे दोन बिंदू साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून वेगळे ओळखता येत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये या मर्यादेचे विवेचन केले. त्यामुळे साधारण दीड हजार पटींपुढे प्रतिमा केवळ फुगते, नवा तपशील हाती लागत नाही. यालाच ‘पोकळ विशालन’ म्हणतात. १०० पटींच्या भिंगाखाली तेलाचा थेंब टाकतात, तोही प्रतिमा मोठी करण्यासाठी नव्हे, तर तपशील स्पष्ट दिसावा म्हणून.

विशालन वाढते तसे दृश्यक्षेत्र आकसते. झील-नील्सन पद्धतीने रंगवलेल्या थुंकीच्या नमुन्यात जंतू नाहीत, असे नोंदवण्यापूर्वी तंत्रज्ञास १०० दृश्यक्षेत्रे तपासावी लागतात. येथे घाई झाल्यास रुग्ण निदानाविना घरी परततो. यावर प्रतिदीप्तीचा उपाय आहे. ऑरामाइन या रंजकाने रंगवलेले जंतू काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात. म्हणून २०० ते ४०० पट विशालनही पुरते आणि एका नजरेत अधिक भाग तपासता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये अशा एलईडी सूक्ष्मदर्शकांची शिफारस केली.

थुंकीच्या एका मिलीलिटरमध्ये सुमारे ५ ते १० हजार जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा सापडत नाहीत. त्यामुळे ‘जंतू आढळले नाहीत’ या अहवालाचा अर्थ ‘क्षयरोग नाही’ असा होत नाही. लक्षणे कायम असल्यास जंतूंची जनुकीय द्रव्ये शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी आवश्यक ठरते.