कुत्र्याला घर शोधून देणाऱ्या बाया



शेवटची भाकरी कुत्र्याची, हे आपल्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. कुत्रं पोळी घेऊन पळालं तेव्हा कोरडी पोळी त्याच्या घशाला लागेल म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावणारे नामदेव आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकले आहेत. पण त्याच गल्लीतली कुत्री व्याली, सहा पिल्लं रस्त्यावर आली, एखाद्या पोराला चावा बसला, की गावात दोनच आवाज उठतात. एक म्हणतो, विष घालून मारून टाका. दुसरा म्हणतो, मुकं जनावर आहे, राहू द्या. पिल्लांना घरं बघा, असं म्हणणारा तिसरा आवाज फार थोड्यांचा असतो.

आमच्या गटातल्या आम्ही काही जणी तालुक्याच्या गावी, भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात आळीपाळीनं कामाला जातो. घाण काढतो, पाणी भरतो, जखमा धुतो आणि पिल्लांसाठी घरं शोधतो. गावात आम्हाला हमखास विचारतात, “तुम्हा बायांना दुसरं काम नाही का?” हा प्रश्न काही आजचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो लंडनच्या बायकांनाही विचारला गेला होता. त्या बायकांची आणि आपल्याकडच्या कामाची गोष्ट आज सांगणार आहोत. सुरुवात मुंबईपासून करू.

मुंबईचा दंगा आणि पांजरपोळ

साल १८३२. मुंबईवर ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती तेव्हाही होती आणि ती खोटी नव्हती, कारण त्या रोगावर लस नव्हती. सरकारनं उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला आणि मारणाऱ्याला प्रत्येक कुत्र्यामागे पैसे ठेवले. डोक्यामागे पैसे म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. भटकं कुठलं आणि पाळलेलं कुठलं, हे कोण बघतो? घरातली, दारातली कुत्रीही शिपाई मारू लागले.

पारशी धर्मात कुत्र्याला फार मान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहाजवळ कुत्रं आणण्याचा विधी त्यांच्यात असतो. ६ जूनला पारशी लोकांनी शिपायांना अडवलं, मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात उतरले. किल्ल्यातल्या गोऱ्या लोकांना रोजचं सामान मिळेना. सरकारनं सैन्य आणून दंगा मोडला, माणसं पकडली. पण कुत्री मारण्याला लोकांचा किती विरोध आहे, हेही सरकारला कळून चुकलं.

पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरपोळ काढला. आज पांजरपोळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे म्हाताऱ्या गाई येतात. मुंबईचा तो पांजरपोळ मात्र रस्त्यावर मारल्या जाणाऱ्या कुत्र्या-डुकरांना जागा मिळावी म्हणून निघाला होता. जीव वाचले, छप्पर मिळालं, ही मोठीच गोष्ट. पण पांजरपोळात आलेलं जनावर बहुतेक तिथेच राहायचं. त्याला कुणाच्या तरी दारात नेऊन बांधायचं, ही रीत अजून बसायची होती.

लंडनच्या मेरीबाई

ती रीत कशी बसली ते बघायला आपल्याला लंडनला जावं लागेल. मेरी टीलबी नावाची एक बाई तिथे राहत होती. वय साठीच्या जवळ. तिच्या एका मैत्रिणीला रस्त्यात उपाशी, मरायला टेकलेलं कुत्रं सापडलं. दोघींनी त्याची शुश्रूषा केली, पण ते वाचलं नाही. अशी किती मरत असतील, या विचारानं मेरीबाईंनी १८६० मध्ये उत्तर लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर उघडलं. त्याच्या नावातच “तात्पुरतं” हा शब्द होता. कुत्रं इथे कायम राहणार नाही, मालक सापडला तर त्याच्याकडे जाईल, नाहीतर दुसरीकडे जाईल, असा त्याचा अर्थ. कोंडवाडा आणि निवारा यांतला फरक इथे आहे. कोंडवाडा जनावर अडकवून ठेवतो. निवाऱ्यातून जनावर पुढे कुठेतरी पोचायला हवं.

त्या काळी लंडनमध्ये गरिबी भयंकर होती. पोरं रस्त्यावर झोपत होती. टाइम्ससारख्या मोठ्या वर्तमानपत्रानं मेरीबाईंची टिंगल केली. माणसांना घर नाही आणि यांना कुत्र्यांचं घर सुचतंय, डोकं ठिकाणावर आहे का, असा त्याचा सूर होता. मैत्रिणींनो, हा प्रश्न आपण झटकून टाकू नये. माणूस आधी, हे खरंच आहे. पण कुत्र्यांचं घर बंद केलं असतं तर रस्त्यावरच्या पोरांना घर मिळालं असतं, असंही नव्हतं. मेरीबाईंनी वाद घातला नाही, काम चालू ठेवलं. १८६२ मध्ये चार्ल्स डिकन्स या नामांकित लेखकाच्या साप्ताहिकात या घराबद्दल आपुलकीचा लेख आला आणि लोकांचं मत हळूहळू बदललं.

मेरीबाई १८६५ मध्ये वारल्या. घर उघडून जेमतेम पाच वर्षं झाली होती. पण काम एका बाईवर टांगलेलं नव्हतं, त्यासाठी समिती होती, वर्गणी होती. भुंकण्याचा त्रास होतो म्हणून शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या, त्यामुळे १८७१ मध्ये ते घर बॅटरसी भागात गेलं. आज तिथे ते आहे आणि अजूनही कुत्र्या-मांजरांना घरं शोधून देतं.

खुर्ची मिळाली नाही तेव्हा

आता अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. तिथे कॅरोलाइन अर्ल व्हाइट नावाच्या बाई होत्या. वडील वकील आणि गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेले. ओझ्याखाली कोसळलेल्या घोड्यांचे हाल कॅरोलाइनबाईंना बघवत नसत. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध संस्था काढावी म्हणून त्यांनी शहरात फिरून सह्या गोळा केल्या, माणसं जोडली. १८६७ मध्ये संस्था उभी राहिली. पण कारभारी मंडळ बसवताना त्यात एकही बाई नव्हती. ज्या बाईनं दारोदार फिरून पाया घातला, तिलाच खुर्ची नाही! आपल्यापैकी कितीजणींना हे ओळखीचं वाटेल.

१८६९ मध्ये या संस्थेची महिला शाखा निघाली आणि कॅरोलाइनबाई तिच्या अध्यक्ष झाल्या. हातात कारभार आल्यावर या बायकांनी शहरातलं सगळ्यात घाण, कुणालाच नको असलेलं काम मागून घेतलं, ते म्हणजे भटक्या कुत्र्यांचा कोंडवाडा. तिथे कुत्री दोरानं फरफटत आणली जात आणि दांडक्यानं मारली जात. महिला शाखेनं नगराच्या कारभाऱ्यांशी करार केला, शहराकडून पैसे घेतले आणि १८७० मध्ये कोंडवाड्याचा निवारा केला. कुत्र्यांना अन्न-पाणी मिळू लागलं. हरवलेली कुत्री मालकाकडे परत जाऊ लागली, चांगल्या कुत्र्यांना नवी घरं मिळू लागली.

पुढची गोष्ट ऐकायला जड आहे, पण इतिहास सांगायचा तर तीही सांगायला हवी. ज्या कुत्र्यांना घर मिळायचं नाही, त्यांना या बायकांच्या निवाऱ्यातही मारलंच जायचं. दांडक्याऐवजी वायू वापरून, त्यातल्या त्यात कमी वेदना देऊन. लंडनच्या घरातही सगळी वाचली नाहीत. कुत्री येत होती शेकड्यांनी आणि घरं होती मोजकी. या बायका निर्दय नव्हत्या. त्यांच्या हातात दोन गोष्टी नव्हत्या. पिसाळण्यावर लस नव्हती आणि पिल्लं थांबवायचा उपाय नव्हता.

कॅरोलाइनबाई १९१६ मध्ये गेल्या. अमेरिकेतल्या सगळ्या बायकांच्या मताचा हक्क राज्यघटनेत यायला त्यानंतर चार वर्षं लागली. मताचा हक्क नसलेल्या बायकांनी शहराशी करार केला आणि हिशेब ठेवून एक खातं चालवलं, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

लस, नसबंदी आणि आपला कायदा

१८८५ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो मुलगा वाचला. दोन गोष्टींपैकी एक हाती आली.

आपल्या देशात कायद्याची बाजू लावून धरली ती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. भरतनाट्यम नृत्यासाठी आपण त्यांना ओळखतो. १९५२ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या आणि प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध त्यांनी स्वतः विधेयक मांडलं. सरकारच कायदा करील, असं आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिलं आणि १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यानुसार १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ आलं. त्याच्या पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवीच होत्या.

दुसरी गोष्ट मद्रासहून आली. तिथे कॅप्टन सुंदरम आणि त्यांच्या पत्नी उषा सुंदरम यांनी १९५९ मध्ये ब्लू क्रॉस ही संस्था काढली. उषाबाई स्वतः विमान चालवायच्या. कितीही कुत्री मारली तरी संख्या कमी होत नाही, त्यापेक्षा नसबंदी करा, लस टोचा आणि कुत्रं त्याच्या जागी परत सोडा, असं ही संस्था १९६४ पासून सांगत होती. मद्रास महापालिकेनं ते १९९६ मध्ये मनावर घेतलं. २००१ मध्ये देशभरासाठी तसे नियम झाले, २०२३ मध्ये ते नव्यानं आले आणि ही जबाबदारी ग्रामपंचायतीसह सगळ्या स्थानिक संस्थांवर टाकली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा ठिकाणची कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं. म्हणजे निवाऱ्यांवरचा भार वाढणार आणि घरं शोधणाऱ्या हातांची गरजही वाढणार.

आम्ही काय विचारतो

घर शोधणं म्हणजे पिल्लू कुणाच्याही ओटीत घालणं नव्हे. आम्ही आधी काही गोष्टी विचारतो. घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? सासूबाईंना चालणार आहे का? ऊसतोडीला जाता तेव्हा चार-पाच महिने घराला कुलूप असतं, मग त्याला भाकरी कोण टाकणार? पिल्लू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडत नाही. तीन महिन्यांचं झालं की पिसाळण्याची लस आणि पुढे दरवर्षी एक. महिन्याभरानं आम्ही त्या घरी चक्कर मारतो. कोणतं पिल्लू कुणाकडे गेलं, लस कधी दिली, हे गटाच्या हिशेबाच्या वहीसारखंच एका वहीत लिहितो.

एक गोष्ट मात्र आम्हाला दर वेळी सलते. पिल्लू मागायला येणारा पहिलं विचारतो, “नर आहे का?” नर पिल्लं पटकन जातात. माद्या मागे राहतात, कारण तिला पिल्लं होतील, तो व्याप कुणाला हवाय! ही भाषा आपण बायकांनी दुसरीकडेही ऐकली आहे. त्यावर आमचं उत्तर सरळ असतं. मादीची नसबंदी झाली की हा प्रश्नच राहत नाही. ती नराइतकीच घर राखते. ज्या गल्लीतल्या माद्यांची नसबंदी होते, तिथे पुढच्या वर्षी घर शोधावं लागेल अशी पिल्लं जन्मालाच येत नाहीत. कॅरोलाइनबाईंच्या हाती जे नव्हतं, ते आज आपल्या हाती आहे. मग विष कशाला घालायचं?

आणि कुत्रं चावलं तर काय? आमची माया कुत्र्यावर आहे, तशी पोरांवर आहेच. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद काही भरू नका. तडक सरकारी दवाखान्यात जा आणि इंजेक्शनचे सगळे डोस पूर्ण करा. रोगाची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचवणं जवळपास अशक्य असतं, म्हणून वाट बघत बसू नका.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान यासाठी काढा. आपल्या गल्लीत कुत्री किती, त्यांत माद्या किती, लस झालेली किती, एवढंच लिहा. ते पान घेऊन ग्रामसभेत उभ्या राहा आणि विचारा, नसबंदी आणि लसीकरणाचं शिबिर आपल्या गावात कधी लावणार? तुमच्याकडे काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.